पुढच्या पानावरची माणसं

रामेश्वर हा पाचोडच्या सोनाजी मेंढपाळाचा पोरगा. शहरातल्या औरंगपुऱ्यात कपड्याच्या दुकानावर एक कचेरी आहे, तिथं तो आणि ऋतुराज शेजारी बसून सॉफ्टवेअर लिहायचे. ऋतुराज पाचोडच्याच नानासाहेबांचा. त्यांच्या रानात दरसाल सोनाजीच्या मेंढ्या खतासाठी बसायच्या, तेव्हापासूनची ही दोस्ती. डबासुद्धा दोघांत एकच.

एका संस्थेनं त्यांना काम दिलं. मेंढपाळांनी नाव नोंदवायचं, लसीचा कॅम्प जवळ आला की त्यांना फोनवर निरोप जायचा. रामेश्वरनं हौसेनं पाचोडच्या बाजारात फिरून आपल्या माणसांची नावं सगळ्यात आधी घातली. सोनाजीचा पोरगा सांगतोय म्हटल्यावर कुणी काही विचारलंच नाही.

गोम पुढंच होती. संस्थेचा सर्व्हर एका वेळी शंभरच नावं द्यायचा, तीही नवी आधी. बाकीच्यांसाठी पुढचं पान पुन्हा मागावं लागायचं. ऋतुराजचा कोड एकदा मागायचा आणि गप बसायचा. नवे लोक वाढले तशी पाचोडची माणसं खाली सरकत गेली. हे रामेश्वरच्या ध्यानात आलं, त्यानं ऋतुराजला सांगितलंही. संध्याकाळी ऋतुराज म्हणाला, झालं, दुरुस्त केलं. रामेश्वरनं उघडून पाहिलं नाही. सख्ख्या भावासारख्या दोस्ताचं काम कुणी तपासतं का?

मग आईचा, सारजाबाईचा फोन आला. मेंढ्यांत देवीची साथ शिरली होती, निम्मा कळप गेला होता. कॅम्प शेजारच्याच गावात होऊन गेला होता आणि पाचोडात कुणालाच निरोप नव्हता. रामेश्वरनं कोड उघडला. एका ओळीलाही हात लागलेला नव्हता.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ऋतुराजला जाब विचारला. ऋतुराजनं मात्र स्क्रीनवरची नजरही काढली नाही.

"अरे, संस्थेला दाखवायच्या डेमोला शंभर नावं पुरत होती. मागचे कोण विचारायला येणार होते?"

मागचे म्हणे! ज्याच्या मेंढ्यांनी याच्या घरची रानं पिकवली, तो सोनाजी आता मागचा झाला. केसानं गळा कापला मेल्यानं, आणि वर चहा प्यायला खाली उतरला.

शेवटचं पान येईपर्यंत मागत राहायचं, चार ओळींचं काम. रामेश्वरनं ते केलं आणि पुढल्या कॅम्पचा निरोप सगळ्यांना गेला. लगोलग बापाचा फोन आला. ऋतुराजचं नाव रामेश्वरच्या ओठावर आलं होतं, पण हे काम माझं म्हणून बाजारात छाती ठोकली होती ती रामेश्वरनं स्वतःच.

"निरोप आला रं," सोनाजी म्हणाला. "लोकायची समजूत मी काढतो. पण तू निदान बापाचं नाव तरी बघायचं होतंस."