बांधावरची घोळ

लेक पहिल्या बाळंतपणाला उस्मानपुऱ्यात माझ्याकडं आली आणि माझ्या डोक्यात तणनाशक शिरलं. शेजारणीनं सांगितलं होतं, ते भाजीत उतरतं, पोटातल्या बाळाला बाधतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, पक्कं सांगता येत नाही, भाजी नीट धुऊन खा. 'पक्कं सांगता येत नाही' यानं माझी तर झोपच उडाली.

मेथी बंद केली, पालक बंद केला. भाजीवालीशी रोज भांडण. लेक वैतागली. म्हणाली, मग खाऊ काय, हवा?

मी शेतकऱ्याची पोर. मला कोण शिकवणार? विचार केला, औषध मारतात ते पिकावर. आपोआप उगवलेल्या तणाला कोण कशाला मारील? झालं, पिशवी घेतली आणि बस धरून बिडकीनला, भावाच्या शेतावर. घरी गेले असते तर वहिनीनं जेवल्याबिगर सोडलं नसतं, म्हणून बांधावर आपोआप उगवलेली हिरवीगार घोळीची भाजी खुडली आणि तशीच माघारी फिरले.

मूगडाळ घालून भाजी केली, भाकरी थापली, लेकीला समोर बसवलं. घोळ तिला लहानपणापासून आवडत नाही. तरी ताट लख्ख झालं. मी अर्ध्या गल्लीला सांगून आले, बघा, पोर कशी जेवली.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन. "आक्का, बांधावरची घोळ तू नेली म्हणं? परवाच तणनाशक मारलंय तिथं. खाऊ नका."

"तणावर कशाला मारलं?"

"अगं, तणनाशक आहे ते. तणावर नाय तर कशावर मारू?"

एवढं शहाणपण मिरवलं आणि आपल्याच हातानं पोरीच्या ताटात वाढलं. रडतच तिला सगळं सांगितलं. ती खाली मान घालून बसली.

"ओरडू नको आई. मी खाल्लीच नाय. तू लोणचं आणायला उठली, तेव्हा सगळी तुझ्या ताटात सारली."

तरीच काल माझी भाजी संपता संपत नव्हती! भाकरीनं पुसून पुसून खाल्ली होती मी.

खोटं बोलली म्हणून या पोरीला मी लहानपणी कितीदा बदडलंय. त्या दिवशी मात्र तिला जवळ ओढून मटामटा मुके घेतले. सगळी मीच खाल्ली होती, याचा मला लई आनंद झाला.