रानात गेलेल्या टर्क्या

वांगणीला आमच्या शेताला लागून एक फार्महाऊस आहे. त्याच्या मालकाने हौसेने टर्क्या, कोंबडीहून मोठे ते परदेशी पक्षी, पाळल्या होत्या. पुढे त्याचं येणं कमी झालं, राखणदार काम सोडून गेला, जाळी फाटली आणि टर्क्या मागच्या टेकडीवर चढल्या. कोल्हे खातील, असं सगळ्यांना वाटलं. खाल्ल्याही असतील काही. पण उरलेल्या झाडावर झोपायला शिकल्या, रानातच पिल्लं काढली आणि आश्विनात भात पिवळं पडलं की थव्याने आमच्या शेतात उतरायला लागल्या.

मी डबे बडवले, ओरडले. त्या निवांत शेजारच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या. मी पाठ फिरवली की परत भातात.

"धरून खाल्ल्याशिवाय ह्या जायच्या नाहीत," मी म्हणाले.

दीर हसला. "वहिनी, शिकार म्हणजे बाप्यांचं काम."

"मग कर तू."

तो बाईक काढून कामावर गेला. नवरा अंबरनाथच्या कंपनीत शिफ्टला. घरी राहिलो मी, सासरे आणि कुत्री.

कुत्री नवऱ्याने उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली, कुणीतरी सोडून दिलेली. लोंबते कान, अंगावर तपकिरी ठिपके. सासऱ्यांच्या मते ती फुकट खाणारी होती, कारण अनोळखी माणसालाही शेपूट हलवायची. पण गवतात पाखरू दडलेलं असलं की ती एक पाय उचलून जागच्या जागी थिजायची. ते फक्त मी पाहिलं होतं.

पहिल्या सकाळी टेकडीवर जाऊन मी तिला थव्यावर सोडलं. ती थेट मधे घुसली आणि टर्क्या फडफडत दाही दिशांना उडाल्या. हाती काहीच नाही. चिडून मी तिथेच करवंदीच्या जाळीमागे बसून राहिले. थोड्या वेळाने उतारावरून एकीने बारीक आवाज दिला. पलीकडून दुसरीने उत्तर दिलं. पांगलेल्या टर्क्या एकमेकींना शोधत, जिथून उडाल्या तिथेच परत येत होत्या.

मग मी तो आवाज काढायला शिकले. भाकऱ्या थापताना, पाणी भरताना काढत राहायचे. सासरे म्हणाले, "हिला येड लागलं." लागू दे म्हटलं.

एके दिवशी सासऱ्यांची पाग मागून घेतली. नदीत मासे धरायला फेकतात ते जाळं. कुत्रीने थवा फोडला, मी तिला जवळ ओढून करवंदीमागे बसले आणि आवाज दिला. बराच वेळ शांतता. मग गवतातून एक मान वर आली. कुत्री थरथरत होती, पण जागची हलली नाही. टर्की पार जवळ आल्यावर मी पाग फेकली. पंखांचे फटके तोंडावर बसले, ओठ फुटला. मी सोडली नाही.

रात्री भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात रस्सा केला. दीर मान खाली घालून पोटभर जेवला.

बातमी पसरली. रविवारी फार्महाऊसवाल्याची गाडी दारात आली.

"ताई, ते पक्षी माझे आहेत. ही चोरी आहे."

"तुमचे आहेत ना? मग सगळे घेऊन जा. आजच न्या."

"पकडून द्या."

"मी कशाला? हाक मारा. मालकाला ओळखतील की."

त्याने टेकडीकडे बघितलं. मग पोलिसांचं नाव काढलं.

"चला," मी म्हणाले. "मीपण येते. पक्षी सोडून इतके दिवस कुठे होता आणि त्यांनी कुणाचं भात खाल्लं, तेही सांगू. थांबा, चप्पल घालते."

सासरे ओट्यावर बसले होते. माझ्या बाजूने ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी म्हणाले, "सून बरोबर बोलते. गाडी काढा तुमची, अंगणात नाचणीची कणसं वाळत घालायची आहेत."

तो गेला, परत आला नाही. मी मात्र दुसऱ्या सकाळी कुत्रीला घेऊन पुन्हा टेकडीवर गेले, आणि भात घरात येईपर्यंत जात राहिले. थवा आमचं शेत सोडून वरच्या अंगाला सरकला. आता वरच्या आळीतल्या बाया निरोप पाठवतात, "आमच्यात उतरल्यात, ये." बाप्ये पारावरून बघत असतात. बघू देत. मी त्यांच्या समोरूनच जाते.