पन्नासावं घर

"मग माझी भाषा काय मी माहेरीच ठेवून यायची होती?" बायकोने पातेलं ओट्यावर आपटत विचारलं. नगरपंचायतीचा कारकून फॉर्मकडे असा बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणी छापून आणला होता.

आणला त्यानेच होता. 'घरची भाषा', आणि पुढे एकच रकाना. एवढ्याशा गावात भाषा पाच. ज्या भाषेची पन्नास घरं भरतील तिचा शाळेतला वर्ग चालू राहणार, बाकीचे बंद. महिनाभर तो दारोदार हिंडला. पाचही भाषा त्याला कामापुरत्या येत आणि पाचही भाषांत लोकांनी त्याला पोटभर ऐकवलं. स्वतःचं घर तेवढं त्याने मागे ठेवलं, तोवर काहीतरी मार्ग निघेल म्हणून. आज बेरीज केली, तर आईच्या भाषेची एकोणपन्नास घरं आणि बायकोच्या भाषेचीही एकोणपन्नासच.

आईचं म्हणणं, हे घर तिच्या नवऱ्याने बांधलंय, इथल्या भिंतींनाही तिचीच भाषा कळते. बायको म्हणाली, भिंतींना शाळेत जायचं नाहीये, पोरीला जायचंय. पोरगी दोन्ही वर्गांना जात होती आणि या क्षणी दोघींनाही ओ देत नव्हती.

सासू-सून आपापल्या भाषेत भांडत. एकमेकींचा शब्द न् शब्द कळत असे, तरी बारा वर्षं दोघी कारकुनाकडेच वळून विचारत, "काय म्हणाली ती?" मग तो निम्मं गाळून, उरलेलं मवाळ करून सांगे.

एकाच रकान्यात दोन्ही भाषा लिहू, असं तो म्हणून बसला. असे अकरा फॉर्म त्यानेच परत पाठवले होते.

"घर म्हणजे तुम्ही धरता तरी काय?" आईने विचारलं.

"एका चुलीवर जेवणारी माणसं," तो कचेरीतल्या आवाजात म्हणाला.

आई उठली आणि माळ्यावरचा जुना स्टोव्ह काढून पदराने पुसू लागली. सुनेच्या लक्षात आलं. सुनेने म्हातारीला वेगळं काढलं म्हणून गावभर बोभाटा होईल, ती रडवेली होऊन म्हणाली. या खेपेला तिने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"होऊ दे. पाच भाषांत होईल," सासू म्हणाली. "उद्यापासून मी मागच्या खोलीत वेगळं शिजवणार आहे. कचेरीतून येताना आणखी एक फॉर्म आण."