रिकामं चालणारं इंजिन

आमच्या ह्यांना इंजिन बंद करणं कधी जमलंच नाही. दळण संपो, गिऱ्हाईक जावो, हे आपले इंजिन चालू ठेवून दारातल्या बाजेवर चहा पीत बसायचे आणि मी आतून ओरडायचे, "अहो, ते डिझेल जळतंय, की माझं नशीब?"

दोष त्या तेलाच्या देशाचा. सहा वर्षं हे तिकडे वाळवंटातल्या एका सिमेंटच्या कारखान्यात मेकॅनिक होते. आपल्या देशात उद्योग वाढावेत म्हणून तिथलं सरकार कारखान्यांना डिझेल जवळजवळ फुकट द्यायचं. उद्योग किती वाढले देव जाणे. माणसांना मात्र सवय लागली, एकदा चालू केलेलं यंत्र बंद म्हणून करायचं नाही. हे लोक जेवायला बसले तरी बाहेर ट्रक घुरघुरत उभे. "तिथं पाणी महाग, डिझेल स्वस्त!" हे वाक्य ह्यांनी गावात इतक्यांदा ऐकवलं, की पारावरची म्हातारी माणसं ह्यांना लांबून बघूनच उठायची.

मग जगात तेलाचे भाव कोसळले. त्या सरकारने हात आखडता घेतला आणि कारखान्याने आपल्या देशातून गेलेली माणसं घरी पाठवून दिली. चाळीसगावला माझ्या माहेरी सगळे हळहळले. मला विचाराल तर मी मनातल्या मनात पेढे वाटले. लग्नाला आठ वर्षं झालेली, त्यातली सहा पत्रांवर काढलेली. नवरा कसा घोरतो हेसुद्धा मी विसरले होते.

परत आल्यावर ह्यांनी पिंपळनेरजवळच्या आपल्या गावात पिठाची गिरणी टाकली. गावात विजेचा काही भरवसा नव्हता, म्हणून डिझेलचं इंजिन. धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा बसवला, तसा आमच्या भागातले सगळेच गिरणीवाले बसवतात. पुक्, पुक्, पुक्... आवाज पार नदीपलीकडच्या पाड्यांपर्यंत जायचा. माझं डोकं उठायचं, पण गिरणी छान चालायला लागली. ज्वारी, बाजरी, भाकरीसाठी ज्वारी-उडदाचा कळणा, दिवसभर दळण असायचं. संध्याकाळी हे भुवयांपर्यंत पांढरे होऊन घरात यायचे आणि मी म्हणायचे, "आला बघा माझा म्हातारा!" चार वर्षं अशी सुखात गेली.

नव्वद साली आखातात भडका उडाला आणि आमच्याकडे डिझेल महागलं. पंपावर रांगा लागल्या. हे सायकलला कॅन बांधून पिंपळनेरला जायचे आणि अर्ध्या दिवसाने यायचे, कधी कधी कॅन रिकामाच. त्याच सुमारास ह्यांच्या जुन्या कारखान्याचं पत्र आलं. तेल महाग झालं म्हणजे तिकडे पुन्हा पैसा आला, पुन्हा माणसं हवी झाली. ह्यांनी ते पत्र वाचलं, घडी घातली आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवलं. गिरणी बंद पडली तर हा माणूस पुन्हा जाणार, हे मला न सांगता कळलं.

मग मी कंबर कसली. फतवाच काढला: दारात दळणाचे चार डबे लागल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, आणि शेवटचा डबा झाला की ताबडतोब बंद.

हे म्हणाले, "अगं, इंजिन चालू असलं म्हणजे लोक येतात."

"लोक आले म्हणजे इंजिन चालू करतात," मी म्हटलं. "हे तुमचं वाळवंट नाही!"

माझ्यापुढे कोण बोलणार?

पहिल्या आठवड्यात डिझेल खूप वाचलं. मी खूश. दुसऱ्या आठवड्यात चार डबे जमायला दुपार व्हायला लागली. तिसऱ्या आठवड्यात दोन डबे लागायचे, आणि त्या दोघी बायका वाट बघून कंटाळून डबे उचलून घरी जायच्या. मला वाटलं, महागाई आहे, लोक कमी खात असतील. बघा माझी अक्कल!

एका सकाळी हे पेटी उघडून बसलेले दिसले. हातात पासपोर्ट होता. फुंकर मारून त्यावरची धूळ उडवत होते. "दोनच वर्षं जाऊन येतो," म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या दिवशी नाही. उठले आणि गिरणीत जाऊन उगाच झाडू मारायला लागले.

तेवढ्यात नदीपलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी दाराशी थांबली. डोक्यावर पिठाचं गाठोडं होतं. पीठ! दळण नव्हे.

"काय व बाई, तुनी गिरणी बंद शे ना?"

"बंद कशाला असेल? मी काय भूत आहे?"

"आवाज येस नही ना व माय! आवाज उना की आम्ही दाणा पाखडतस. आवाज नही, मंग बठ्ठ्या बाया पिंपळनेरले जातस."

आवाज आला नाही म्हणून सगळ्या बायका दळायला पिंपळनेरला जात होत्या! नदी ओलांडून, डोक्यावर ओझं घेऊन यायचं, तर गिरणी चालू आहे की नाही हे त्या बायकांना दुसरं कोण सांगणार? धुराच्या नळीवरचा तो पुक्-पुक् वाजणारा डबाच सांगायचा. सगळ्या मुलखाला हे माहीत होतं. शहरातून आलेल्या मलाच काय ते माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याला मी बोलू दिलं नव्हतं.

घरात गेले. हे पेटीपाशीच होते. "चुकलं माझं," मी म्हटलं. लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा.

"काय म्हणालीस?" हे लबाड चेहरा करून म्हणाले. "पुन्हा म्हण बरं, गिरणीच्या आवाजाने मला जरा कमी ऐकू येतं."

"गिरणी बंद आहे! तेच तर चुकलं!" आणि मी रडायलाच लागले. "जाऊ नका. मला नाही राहवत पत्रांवर."

त्यांनी पासपोर्ट पेटीत टाकला आणि इंजिन फिरवायचं हँडल घेऊन उठले.

त्या सकाळी गिरणीत एक दाणा नव्हता आणि इंजिन चालू होतं. पुक्, पुक्, पुक्... हे बाजेवर बसले, मी चहा दिला आणि चुलीकडे न जाता शेजारीच टेकले. अर्ध्या तासाने नदीच्या उतारावर पहिली बाई दिसली, डोक्यावर डबा घेतलेली. डिझेल जळत होतं. मी मनात म्हटलं, जळू दे.