निळ्या आठवड्याची कावीळ

चष्मेवाल्यांच्या दुकानात कोणी अक्षरांच्या तक्त्यावर अडखळलं की ते म्हणत, "सावकाश! सगळ्यात खालची ओळ वाचल्याशिवाय सुटका नाही." आणि हेच गृहस्थ एका हॉटेलच्या हॉलमध्ये, फुकटच्या जेवणावर आडवा हात मारून, पंचवीस वर्षांच्या सुट्ट्यांच्या करारावर खालची ओळ न वाचता सही ठोकून आले.

दरवर्षी एक आठवडा डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये. दोन खोल्या, पोहायचा तलाव. आठवडे तीन रंगांचे: लाल, पांढरे आणि निळे. यांनी निळा घेतला.

"अहो, निळा म्हणजे नक्की कधी?" बायकोने विचारलं.

"कधी म्हणजे? आपल्या मर्जीने!" समोर टाय लावलेला विक्रेता बसला होता. त्याच्यादेखत 'माहीत नाही' म्हणणं यांच्या जिवावर आलं.

निळा म्हणजे शाळा ऐन भरात असताना, हे पहिल्या बुकिंगच्या वेळी कळलं. शाळेच्या सुट्टीतले आठवडे झाडून सगळे लाल होते. पण मारलेली फुशारकी परत कशी घ्यायची? त्यांनी लेकीच्या शाळेला चिठ्ठी लिहिली: मुलीला गोवर आला आहे. पुढच्या वर्षी कांजिण्या आल्या. तिसऱ्या वर्षी कावीळ. काविळीतून उठलेली लेक गालांवर लाली आणि अंगावर दोन किलो जास्त घेऊन वर्गात परतली, तेव्हा बायको म्हणाली, "पुढच्या खेपेला तिला जरा न मानवणारा आजार द्या हो!" दोघं पोट धरून हसली. लेक हसली नाही. पण तिच्याकडे तेव्हा कोणी पाहिलं नाही.

मग एके दिवशी तिच्या वर्गशिक्षिका चष्म्यासाठी दुकानात आल्या. त्यांच्या नाकावर तपासणीची रिकामी चौकट होती आणि यांच्या बोटांत काच.

"लेकीची तब्येत कशी आहे?"

"एकदम ठणठणीत!" तोंडातून निघून गेलं. "म्हणजे... आता बरी आहे."

"दरवर्षी बिचारीला काही ना काही होतं. त्यात कावीळ म्हणजे वाईटच. म्हणून यंदा रिले शर्यतीच्या संघातून मीच तिला काढलं. सगळ्यांत वेगवान तीच हो, पण जिवाशी खेळ नको. रडली नाही, भांडली नाही. 'बरं बाई' म्हणाली. फार गुणी आहे."

त्यांनी हातातली काच परत पेटीत ठेवली. चौकट रिकामी होती, तेव्हा बाईंना यांचा चेहरा धूसरच दिसत असणार. तेवढ्या आडोशाने ते बोलले.

"बाई, तिला कावीळ झालीच नव्हती. गोवरही नाही. आम्ही फिरायला जायचो. चिठ्ठ्या माझ्या."

बाईंनी चौकट काढून हातात घेतली. "आणि मी पोरींकडून तिच्यासाठी वह्या उतरवून घेत होते," त्या हळूच म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "संघाची नावं कालच गेली. आता बदल होणार नाही. हे तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

घरी लेक वहीला कव्हर घालत बसली होती.

"बाईंना मी खरं सांगितलं," ते म्हणाले. "पण संघात आता घेता येणार नाही म्हणाल्या."

"कशाला सांगितलंत बाबा? आता त्या तुम्हाला नावं ठेवतील."

"अगं, तुला काढलं तेव्हा तूच का नाही बोललीस?"

"मग तुम्ही खोटे ठरला असता ना," ती म्हणाली आणि कव्हरचा कोपरा दुमडू लागली.

शर्यतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते मैदानावर दोरीपाशी उभे राहिले. लेक कडेला बसली होती, मांडीवर चौघींच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. शेजारी उभ्या एका गृहस्थांनी विचारलं, "ती तुमची का? पळत नाही? बरं नाही का तिला?"

'हो' अगदी जिभेवर होतं. तीन वर्षांची सवय.

"छे!" आवाज जरा मोठाच निघाला, चारजण वळून बघायला लागले. "धडधाकट आहे. या सगळ्यांत वेगवान तीच. मी शाळेला खोटं लिहून दिलं, म्हणून ती बसली आहे."

ते गृहस्थ ओशाळून दोन पावलं बाजूला सरकले. शिट्टी झाली. लेक बाटल्या छातीशी धरून उठली आणि घसा फुटेपर्यंत मैत्रिणींच्या नावाने ओरडू लागली. शरमेने खाली गेलेली मान वर करून तिच्याकडे बघायचं, एवढंच यांचं काम होतं. पण ते जमेपर्यंत शर्यत संपली होती.