नंदाच्या अंगाची आग

देव आपलं ऐकतो का, याची त्या दिवसांत मला खात्री उरली नव्हती. माझी नंदा आठ वर्षांची. तिच्या गुडघ्यांवर, डोक्यात लाल चट्टे उठायचे आणि पांढरे पापुद्रे गळायचे. शाळेत तिच्याशेजारी कोणी बसेना. तिचे वडील फौजेत, दूर सरहद्दीवर. कोरेगावच्या बाजारातल्या एका औषधवाल्यानं दिलेल्या, पोटात घ्यायच्या पावडरीनं अंग स्वच्छ झालं होतं. पण तो माणूस यायचा बंद झाला, पावडर संपली आणि थोड्याच दिवसांत पोर अंगभर विस्तवासारखी लाल झाली. ताप चढला, दात वाजू लागले. गावातले डॉक्टर म्हणाले, "आजच सांगलीला न्या."

एस.टी.त तिला जुन्या लुगड्यात गुंडाळून मी गणपतीचा धावा करत होते. सीटवर पडलेले पापुद्रे बघून मागून कोणीतरी ओरडलं, "आवं कंडक्टर, लागण हाय पोरीला! उतरवा खाली." आणखी काहीजण उठले. घंटी वाजली आणि भर उन्हात, माळावर गाडी थांबली. नंदा माझा हात आवळून म्हणाली, "आई, मी काय केलं?" मी तिला पोटाशी धरलं. देवाचं नावही ओठांवर येईना.

तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक बाई उठली. आमच्याशेजारी बसून तिनं नंदाला सरळ मांडीवर घेतलं आणि स्वतःची बाही वर सारली. कोपरावर तसेच चट्टे. "बघा. लग्नाआधीपासनं हाय. माझ्या एका बी पोराला झालं न्हाई. सोडा गाडी!" कंडक्टरनं मान खाली घालून घंटी दिली.

सांगलीत तिनंच रिक्षा केली आणि विश्रामबागेत स्वतःच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लगेच सलाईन लावलं. "हा सोरायसिस. लागत नाही कुणाला. त्या पावडरीत स्टिरॉइड असणार; ते एकदम बंद झालं की असा उसळतो. अजून उशीर झाला असता तर अवघड होतं."

ताप उतरल्यावर मी त्या बाईंना म्हटलं, "तुम्हाला गणपतीनंच पाठवलं." त्या हसल्या. "आमी बुद्धाची माणसं, ताई. देव मानत न्हाई. पोर थरथरताना दिसली, म्हणून उठले."

मी वाद घातला नाही. नंदाचा आजार गेलेला नाही. थंडीत चट्टे उठतात. मलम लावतो, औषध मनानं बंद करत नाही. पूर्वी मी 'हे काढून घे' म्हणून देवाला गळ घालायची. आता नुसते हात जोडते. त्यानं कोणत्या दारानं यावं, हे ठरवणं मी सोडून दिलं आहे.