सोपानआप्पांची दहा बोटं

सोपानआप्पांच्या फोटोखाली सकाळपासून हात जोडणाऱ्या साहेबांनो, आप्पा जिवंत होते तेव्हा तुमच्यातल्या एकानंही त्यांचा बायोडेटा उघडला नव्हता.

मला माहीत आहे. पाठवायला मीच होतो.

आज आप्पांना जाऊन वर्ष झालं. गोड लिहिणारे पुष्कळ आहेत, मला जमणार नाही. आवडलं नाही तर खुशाल अनफ्रेंड करा.

ज्यांना आप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कोरेगाव भीमाच्या पुढं एका कंपनीत ते बावीस वर्षं प्रेस शॉपला होते. पत्रा दाबायची मशीन. हात काढायला जरा उशीर झाला की बोट गेलंच म्हणून समजा.

आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप आत घेताना एकेक मेंढरू मोजून घ्यायचे. आप्पांनी ती सवय कंपनीत नेली. शिफ्ट सुटली की सगळ्यांना रांगेत उभं करायचे.

"हात दाखवा रं."

दोन्ही पंजे पुढं. आप्पा नजरेनं मोजायचे, मगच पोरं गेटबाहेर.

पोरं हसायची. पण बावीस वर्षांत आप्पांच्या शिफ्टला एकाचंही बोट गेलं नाही.

मग कंपनीनं प्रेस शॉपच बंद केलं. आप्पा तेव्हा सत्तेचाळीसचे. दुसरा कुणी पानटपरी टाकून बसला असता. आप्पांनी दर रविवारी पुण्याला जाऊन सेफ्टीचा डिप्लोमा केला, पोरासोरांच्या वर्गात बसून. त्यांना सेफ्टी ऑफिसर व्हायचं होतं.

बास. एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

तळेगाव ढमढेऱ्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटर, म्हणून आप्पा रोज तिथंच. जॉबच्या साइटवर त्यांचं प्रोफाइल मी बनवलं. रिक्रूटरचा फोन आला की आप्पा स्टुलावरून उठून उभे राहायचे आणि शर्ट सारखा करायचे.

"आप्पा, फोनवर दिसतंय व्हय त्यांना?"

"न्हाई दिसत. पर साहेब हायेत ना."

तिकडून आवाज यायचा, "एज काय आपलं?"

"अठ्ठेचाळीस."

"ओके सर, कळवतो."

फोन कट. आप्पा मात्र फोन खिशात ठेवायचे नाहीत. हातातच धरून बसायचे. साहेबांनी कळवतो म्हणून सांगितलंय ना.

असे सात-आठ महिने गेले. एक दिवस म्हणाले, "तू टुकार पोरांचं फ्लेक्स लावतो, समदं गाव वर मान करून बघतं. माझाबी लाव की, कंपन्यांच्या रस्त्याला."

फोटो काढताना मी म्हणालो, "हात जोडा." आमच्याकडं फ्लेक्सवर माणूस हात जोडूनच उभा असतो.

"जोडायचं न्हाई. म्या काय भीक मागतूय व्हय? दहा बोटं दिसू दे."

मग दोन्ही पंजे उघडे ठेवून फोटो काढला. खाली लिहिलं, 'बावीस वर्षे माझ्या शिफ्टमध्ये एकाचेही बोट गेले नाही. सेफ्टीचे काम हवे आहे.' आणि फोन नंबर.

फोन आले की! एकानं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एकानं विचारलं, "आप्पा, हात दाखवताय, झेडपीला उभं ऱ्हाताय का?" आमच्याकडं फ्लेक्सवर चढलेला माणूस एकतर वाढदिवसाचा, नाहीतर इलेक्शनचा, नाहीतर मेलेला. त्याला काम येत असेल, ही शंका कुणालाच आली नाही.

एकच साहेब गाडी थांबवून उतरले. मोठ्या कंपनीचे एचआर. आप्पांच्या खांद्यावर हात टाकून फ्लेक्सपुढं फोटो काढला, सीव्ही पाठवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांची पोस्ट. 'एज इज जस्ट अ नंबर.' हजारो लाइक. आप्पांनी आळीत पेढे वाटले.

इंटरव्ह्यूचा फोन आलाच नाही. तीन महिन्यांनी मीच साहेबांना लावला.

"अरे, चांगला माणूस आहे रे. पण पॉलिसी आहे. पस्तीसच्या वर घेता येत नाही."

जस्ट अ नंबर ना, साहेब? कोणता, ते तेव्हा कळलं.

पुढं सुरक्षा सप्ताहाला त्याच साहेबांची बॅनरची ऑर्डर आली. त्यावर आप्पांची ओळ होती. 'बावीस वर्षे एकाचेही बोट गेले नाही.' नाव तेवढं काढलेलं. मी छापणार नव्हतो. आप्पा शेजारीच बसलेले.

"छाप रं. चांगलं मोठ्या अक्षरात छाप. पोरांची बोटं वाचत्याल."

मी छापला. ती लाज माझी आहे, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

शेवटी आप्पा कासुर्डीजवळच्या एका गोदामात बॉक्स उचलायला लागले. तिथंच अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, यात कुणाचा दोष नाही. मी डॉक्टर नाही. मला दोष दिसतो.

आज सकाळी साहेबांनी तोच फोटो पुन्हा टाकलाय. 'लॉस्ट अ जेम.' खाली पहिल्या कमेंटमध्ये, 'वी आर हायरिंग.' वरून मला त्यांचा मेसेज, 'वर्षश्राद्धाच्या फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात माझाही फोटो टाक, कंपनीतर्फे.'

नाही टाकला, साहेब. आप्पांच्या शेजारी उभं राहून एकदा मिरवलात, तेवढं पुरे.

फ्लेक्सवर आप्पा एकटेच आहेत. फोटो तोच, दहा बोटांचा. हात जोडलेले नाहीत.

दुपारी त्यांच्या शिफ्टची पोरं आली. पोरं कसली, टकलं पडलेली. कुणी ड्रायव्हर, कुणी वॉचमन. फुलं वाहिली. मग कुणी न सांगता फोटोपुढं रांग लावली आणि सगळ्यांनी दोन्ही पंजे पुढं केले.

मी मोजले. माझं काम नव्हे ते, पण कुणीतरी मोजायला हवं होतं.

'भावपूर्ण श्रद्धांजली' मी रोज छापतो. तुमच्यासाठी नाही लिहिणार, आप्पा.

सगळ्यांची बोटं जागेवर आहेत.

शिफ्ट सुटली. निघा आता.